आधी निरोप तरी दे

रविवारी सकाळी जुन्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरचे फोटो लॅपटॉपवर घ्यायला बसलो होतो. डिस्क दहा वर्षांपूर्वीची, अधूनमधून टिकटिक आवाज करते, पण म्हटलं होईल. सीपी, म्हणजे लिनक्सची फाइल कॉपी करायची कमांड, चालू केलं, पोहे खाऊन आलो तरी कर्सर तिथेच. कंट्रोल-सी दाबलं, काही नाही. परत दाबलं. मग दुसरं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून प्रोग्राम बंद करायला किल, मग किल -९, मग सुडो लावून (म्हणजे रूट या सर्वाधिकारी यूजरच्या हक्काने) किल -९, आणि सीपी आपला ढिम्म. बायको म्हणाली कीबोर्डवर एवढं काय बडवतोयस, आता तिला काय सांगणार की एकाला मारतोय आणि तो मरत नाहीये.

त्या सीपीकडे येतोच. पण त्यावरून आठवलं की लिनक्सवर इतकी वर्षं पोट भरतोय आणि त्यातली पहिली तीनचार वर्षं मला या बाबतीत एकच कमांड यायची, किल -९. बॅशआरसीमध्ये (बॅश या शेलची, म्हणजे आपल्या कमांड घेणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंगची फाइल) त्याचा के९ असा एलियससुद्धा (टोपणनाव) करून ठेवला होता, लय भारी वाटायचं. तो एलियस काढून टाकायला मला दोनतीन वेळा चांगलं तोंडावर आपटावं लागलं, ते सगळं एकदा लिहून टाकतो.

तर पहिली गोष्ट, किल हे नावच फसवं आहे. ही कमांड मारत वगैरे काही नाही, ती फक्त सिग्नल पाठवते, म्हणजे निरोप. आणि आपल्याकडे निरोप शब्दाचे दोन अर्थ आहेत ना, सांगावा आणि शेवटचा रामराम, तसंच इथेही, पाठवतो आपण सांगावा आणि बऱ्याचदा त्याचाच रामराम होतो. किल -एल टाइप करून बघा, १ पासून ६४ पर्यंत यादी येते, मधले ३२ आणि ३३ गायब असतात, ते थ्रेडवाल्या लायब्ररीने स्वतःसाठी ठेवलेत. ३४ च्या पुढचे मी तरी कधी वापरलेले नाहीत. रोजच्या कामाचे म्हणाल तर पाचसहा.

नुसतं किल आणि पुढे पीआयडी (चालू प्रोग्रामचा, म्हणजे प्रोसेसचा नंबर) दिला तर जातो तो १५, सिगटर्म, म्हणजे "चला, आवरा आता". प्रोग्राम शहाणा असेल तर तो हा सिग्नल पकडतो, हातातलं काम संपवतो, फायली नीट बंद करतो, टेम्प फायली उडवतो आणि मग जातो. वाटलं तर सरळ दुर्लक्षही करू शकतो. कंट्रोल-सी म्हणजे २, सिगइंट. १ म्हणजे सिगहप, हँग-अप, म्हणजे मोडेमने फोन लावून दुसऱ्या मशीनवर बसायचे तेव्हाचं, समोरच्याने फोन ठेवला की हा सिग्नल यायचा. आता फोन कुणी ठेवत नाही, पण एसएसएच (नेटवरून दुसऱ्या मशीनवर बसायची सोय) तुटलं की तोच येतो आणि रात्रभर चालायला लावलेली स्क्रिप्ट सकाळी मेलेली सापडते, म्हणून ते नोहप, प्रोग्रामला या सिग्नलकडे दुर्लक्ष करायला लावणारं. उलट सर्व्हरवाल्या प्रोग्राम्सना तसंही टर्मिनल नसतं, त्यामुळे त्यांनी या रिकाम्या सिग्नलला दुसरं काम दिलं, एनजिनएक्स या वेब सर्व्हरला हप दिला की तो मरत नाही, कॉन्फिग (सेटिंगची फाइल) परत वाचतो.

आणि ९. सिगकिल. हा निरोप नाहीच खरं तर, कारण तो प्रोसेसपर्यंत पोचतच नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, परस्पर तिला उचलतो. ९ आणि १९ म्हणजे सिगस्टॉप, हे दोनच असे की प्रोग्रामला पकडता येत नाहीत, अडवता येत नाहीत. काही लोक सांगतात की -९ ने मेमरी लीक होते, पोर्ट (नेटवर्कवर बोलायला घेतलेला नंबर) अडकून राहतो, तसं काही नाही, मेमरी, उघड्या फायली, सॉकेट (नेटवर्कच्या जोडण्या) हे सगळं कर्नल काढून घेतोच. राहतं ते जे फक्त त्या प्रोग्रामलाच माहिती होतं: अर्धी लिहिलेली फाइल, लॉक फाइल (मी चालू आहे अशी खूण), आणि पोरंबाळं. चाइल्ड प्रोसेस, म्हणजे तिने सुरू केलेल्या, मागे तशाच चालू राहतात, आणि मग आपण म्हणतो मारलं तरी सीपीयू शंभर टक्के कसा.

आता माझा पराक्रम. हिंजवडीतली एक कंपनी, महिनाअखेर, एका सर्व्हरवर आम्ही सातआठ जण एकाच डिप्लॉय नावाच्या यूजरने लॉगिन करायचो (हो, माहितीये, चूक आहे, तेव्हा तसंच होतं). माझी एक पायथनची रिपोर्ट नावाची स्क्रिप्ट अडकली होती. पायथनच्या स्क्रिप्टचं काय होतं की प्रोसेसचं नाव पायथन३ असतं, स्क्रिप्टचं नाव फक्त कमांड लाइनमध्ये दिसतं, त्यामुळे नुसतं पीकिल (नावाने शोधून सिग्नल पाठवणारी कमांड) रिपोर्ट म्हटलं तर काहीच सापडत नाही. म्हणून मी नुकतंच शिकलेलं -एफ लावलं, म्हणजे पूर्ण कमांड लाइनमध्ये शोध. पीकिल -एफ रिपोर्ट. एंटर. माझी स्क्रिप्ट गेली. त्याच सेकंदाला मागच्या रांगेतून आवाज, "ए, माझं व्हिम कुणी मारलं रे?"

त्याने मंथली रिपोर्ट असं नाव असलेली एसक्यूएल (डेटाबेसच्या क्वेरींची) फाइल व्हिम या एडिटरमध्ये उघडली होती. नावात रिपोर्ट. आणि पहाटे दोनपासून चालू असलेली महिनाअखेरची शेल स्क्रिप्ट, तिच्याही नावात रिपोर्ट, ती संपायला अर्धा तास राहिला होता म्हणे. मी आयुष्यात इतका बारीक कधी झालो नसेन. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे त्या दिवशी मी -९ लावलं नव्हतं. टर्म मिळाला की व्हिम जाता जाता स्वॅप फाइल (सेव्ह न केलेल्या बदलांची) नीट जपून ठेवतो, त्यामुळे व्हिम -आर करून त्या पोराचं सगळं टायपिंग परत मिळालं. शेल स्क्रिप्टमध्ये मात्र ट्रॅप (सिग्नल पकडायची सोय) वगैरे काही लिहिलेलं नव्हतं, ती पहिल्यापासून परत.

आमचे सर आले, ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. माझ्या खुर्चीमागे उभं राहून म्हणाले, "पीग्रेप माहितीये का तुला?" मी म्हटलं हो सर. "मग आधी ते चालव ना बाबा. आणि निरोप कुणाकुणाला जाणारे ते बघितल्याशिवाय पाठवू नकोस."

पीग्रेप आणि पीकिल ही सख्खी भावंडं, ऑप्शन जवळपास तेच, फरक इतकाच की पीग्रेप नुसती यादी देतं. तेव्हापासूनची सवय अशी की पीग्रेप -एएफ आणि पॅटर्न, ए लावला की पीआयडीसोबत पूर्ण कमांड लाइन दिसते, यादी डोळ्यांनी वाचायची, मग वरचा बाण दाबून पीग्रेपचं पीकिल करायचं आणि तो ए काढायचा, पीकिलला तो चालत नाही. त्यातही -यू लावून आपल्याच यूजरपुरतं, -एक्स लावून नाव तंतोतंत जुळणारंच, -एन म्हणजे सगळ्यात नवीन, -ओ म्हणजे सगळ्यात जुनी. अजून एक गंमत, कर्नल प्रोसेसच्या नावाची फक्त १५ अक्षरं ठेवतो. त्यामुळे तुमच्या सर्व्हिसचं नाव लांबलचक असेल आणि पूर्ण नाव देऊन पीकिल केलं तर शून्य सापडतात, आणि माणूस समजतो की प्रोसेस चालूच नाहीये, आणि दुसरी सुरू करतो. हे मी बघितलंय. दोन कॉपी, एकच क्यू (कामांची रांग), ग्राहकांना प्रत्येक ईमेल दोनदा.

जुने लोक अजून पीएस ऑक्स पाइप ग्रेप करतात, म्हणजे सगळ्या प्रोसेसच्या यादीत शब्द शोधतात, आणि त्यात तो ग्रेप स्वतःच स्वतःला सापडतो, मग त्याच्यावर उपाय म्हणून पहिल्या अक्षराला चौकोनी कंस टाकायचा. मला ती युक्ती आवडते, हुशारीची आहे, पण पीग्रेप स्वतःला मोजत नाही, मग कशाला. तसं बघायला गेलं तर पीग्रेप-पीकिल हे मूळचे सोलॅरिसचे (सन कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम), सोलॅरिस ७ मध्ये आले आणि तिथून सगळीकडे गेले. आणि त्याच सोलॅरिसवर किलऑल नावाची जी कमांड होती ती लिनक्सच्या किलऑलसारखी नावाने शोधून मारणारी नाही, ती अक्षरशः सगळ्यांना मारायची, मशीन बंद करताना वापरायला म्हणून केलेली. लिनक्सची सवय लागलेल्या माणसाने तिथे रूट होऊन किलऑल म्हणायचं आणि मग सर्व्हर रूमकडे पळत जायचं. हे माझ्या हातून झालेलं नाही, पण सर ज्या आवाजात सांगायचे त्यावरून त्यांच्या हातून नक्की झालं असणार.

पोर्टवाला प्रकार वेबवाल्या सगळ्यांना माहिती असेल. ३००० नंबरचा पोर्ट आधीच वापरात आहे असं म्हणतं, मग नेटवर सापडलेलं एलएसओएफ -टीआय (फाइल किंवा पोर्ट कुणी उघडलाय ते दाखवणारी कमांड) लावून जे पीआयडी येतील ते सरळ किलला देऊन टाकायचे. आमच्या एका इंटर्नने ते केलं आणि तिचा अख्खा ब्राउझर चाळीस टॅबसकट गेला. कारण एलएसओएफ त्या पोर्टवर ऐकत बसलेलाच नाही, तर त्या पोर्टशी बोलत असलेलाही दाखवतं, आणि बोलत कोण होतं तर ब्राउझर. फक्त लिसन स्टेटमधले दे असं सांगावं लागतं. फ्युजर -के (पोर्ट किंवा फाइल वापरणाऱ्यांना मारणारी कमांड) वापरणाऱ्यांनी तर अजून जपून, ते न विचारता थेट ९ च पाठवतं.

डेटाबेसवर -९ चालवू नका असं सगळे सांगतात, का ते कुणी सांगत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक कनेक्शनची वेगळी प्रोसेस असते, म्हणून मोह होतो की ही एक क्वेरी जास्त वेळ खातेय, तेवढीच मारू. मारा -९ ने. मुख्य प्रोसेस बघते की एक पोरगं अचानक गेलं, आता शेअर्ड मेमरीत (सगळ्या मिळून वापरतात ती) ते काय घोळ घालून गेलं असेल कुणास ठाऊक, म्हणून ती बाकीची सगळी कनेक्शन तोडते आणि रिकव्हरी करून परत उठते. म्हणजे एका क्वेरीसाठी अख्खं ॲप खाली. त्याऐवजी डेटाबेसच्या आतूनच कॅन्सल बॅकएंड म्हणायचं, तो सिगइंट पाठवतो, क्वेरी थांबते, कनेक्शन राहतं. नाहीच ऐकलं तर टर्मिनेट बॅकएंड, तो सिगटर्म.

कंट्रोल-झेडबद्दल वेगळंच पुराण आहे. नवीन येणारी निम्मी पोरं त्याला बाहेर पडायचं बटण समजतात. एकाने मला बोलावलं, "दादा, एक्झिट करू देत नाहीये, स्टॉप्ड जॉब्स आहेत म्हणतंय," जॉब्स टाइप केलं तर अकरा व्हिम आणि तीन मायएसक्यूएल, सगळे झोपलेले, दुपारपासूनचे. कंट्रोल-झेडने प्रोसेस थांबते फक्त, एफजीने पुढे येते, बीजीने मागे चालू राहते. आणि अशा झोपवलेल्या प्रोसेसला तुम्ही दुसऱ्या टर्मिनलवरून साधा किल दिला तर काहीच होत नाही, कारण टर्म तिच्या दारात पडून राहतो, ती जागी होईल तेव्हा वाचेल. लोकांना वाटतं ऐकत नाहीये, आणि हात जातो ९ कडे. तिला फक्त सिगकाँट द्या, १८ नंबर, जागी होते, पडलेला निरोप वाचते आणि आपली आपण जाते.

हेच झोपवणं मला मात्र फार आवडतं. ताईच्या लग्नाचे व्हिडिओ एफएफएमपेगने बारीक करत होतो, सहा तासांचं काम, आणि मध्येच ऑफिसचा कॉल, लॅपटॉपचा पंखा असा की समोरचा विचारतो गिरणीत बसलायस का. पीकिल -स्टॉप एफएफएमपेग. पंखा शांत. कॉल संपला, पीकिल -काँट एफएफएमपेग, जिथे थांबला होता तिथून पुढे. (नेटवरून डाउनलोड चालू असेल तर नका करू, समोरचा सर्व्हर वाट बघून कनेक्शन तोडतो.) यासाठी नाइस आणि रीनाइस पण आहे, उणे २० ते १९, आकडा जितका मोठा तितकी प्रोसेस सज्जन, म्हणजे बाकीच्यांना पुढे जाऊ देणारी. साध्या यूजरला सज्जनपणा वाढवता येतो, कमी करायला रूट लागतो. पण खरं सांगू, नाइस १९ ठेवलं तरी मशीन रिकामं असेल तर ती सगळा सीपीयू घेणारच, पंखा काही थांबत नाही.

झाँबींवर मला एक माणूस दर महिन्याला तरी विचारतो, की टॉपमध्ये (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) दोन झाँबी दिसतायत, -९ देऊनही जात नाहीत. जाणार कशा, त्या मेलेल्याच आहेत. प्रोसेस संपली की तिची सगळी इस्टेट काढून घेतली जाते, फक्त टेबलमध्ये तिचं नाव आणि ती कशी गेली तो आकडा उरतो, आणि तिच्या पॅरेंटने (तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसने) येऊन वेट करून तो आकडा वाचला की मग नाव पुसलं जातं. पॅरेंट आळशी असेल तर नाव तसंच. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तसं समजा. मेलेल्याला परत मारून काय उपयोग, पॅरेंटला हलवायला पाहिजे. पॅरेंटच गेला तर ती पोरकी झाँबी इनिटकडे जाते, सगळ्यात पहिली सुरू होणारी प्रोसेस, पीआयडी १, आणि तो लगेच वेट करून मोकळा होतो. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करतात, तो हा.

हा पीआयडी १ कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा बंदिस्त चालवायचा डबा) मात्र डोक्याला ताप देतो. डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) स्टॉप केलं की आधी टर्म जातो, १० सेकंद वाट बघतात, मग ९. आमचा एक कंटेनर दर डिप्लॉयला (नवीन आवृत्ती चढवताना) बरोबर दहा सेकंद घ्यायचा आणि १३७ देऊन संपायचा. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे कुणीतरी ९ ने मारलंय. (नीट टर्मने गेला असता तर १४३ दिसलं असतं.) कारण काय तर आत पीआयडी १ वर शेल बसलेलं आणि आमचा प्रोग्राम त्याचं पोरगं. टर्म शेलला मिळायचा, शेल काही तो पोराला सांगायचं नाही, आणि पीआयडी १ असल्यामुळे त्याने हँडलर (सिग्नल पकडणारा कोड) लावला नसेल तर टर्मने तो मरतही नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत नुसता एक्झेक शब्द लिहिला, शेलची जागा प्रोग्रामने घेतली, एका सेकंदात बंद व्हायला लागला. कितीतरी महिने आम्ही ते दहा सेकंद मोजत चहाला जात होतो.

बाकी छोट्यामोठ्या गमती खूप आहेत. डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडला यूएसआर१ सिग्नल दिला की तो किती कॉपी झालं ते सांगतो, आणि तोच सिग्नल उत्साहात दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला दिला ज्याने हँडलर लिहिलेला नाही, तर तो सरळ मरतो. अपाचे या वेब सर्व्हरने सावकाश बंद व्हायला सिगविंच घेतलाय, जो खरं तर टर्मिनलची खिडकी लहानमोठी केली की येतो, त्यामुळे टर्मिनलमध्ये समोरच चालवलेला अपाचे खिडकी ओढली म्हणून बंद पडला असंही होतं. आणि किल ही शेलच्या आतच असते, वेगळी फाइलही असते पण बॅश आतलीच वापरतो, त्याचं एक कारण म्हणजे जॉब नंबर, टक्का एक वगैरे, ते शेललाच माहिती असतात. दुसरं कारण मला एका रात्री कळलं जेव्हा एका स्क्रिप्टने स्वतःलाच बोलवत बोलवत प्रोसेसची मर्यादा भरून टाकली होती, एलएस चालेना, पीएस चालेना, फोर्कच (नवीन प्रोसेस काढणं) होत नाही म्हणे. इको (दिलेलं छापणारी कमांड) मात्र शेलच्या आतली, म्हणून इको आणि प्रोक फोल्डरमधला (जिथे प्रत्येक प्रोसेसच्या नंबरचा फोल्डर असतो) स्टार असं करून पीआयडी बघितले, आणि किल आतली म्हणून ती चालली. आधी सगळ्यांना स्टॉप दिला, कारण एकेकाला मारत बसलो तर बाकीचे तेवढ्यात नवीन काढतात. मग ९. तिथे ९ च पाहिजे होता, मी काही -९ च्या विरोधात नाही.

हां, तो सीपी. पीएसमध्ये बघितलं तर स्टेटच्या खान्यात डी. डी म्हणजे प्रोसेस कर्नलच्या आत गेलेली आहे आणि डिस्कच्या उत्तराची वाट बघत अशी झोपलीये की तिला मध्ये उठवता येत नाही. ९ सुद्धा तिच्या नावावर जमा होऊन पडतो, ती बाहेर आली की लागू होणार, तोपर्यंत नाही. मी दोन वेळा ९ पाठवला होता, दोन्ही दारातच. डिस्क काही उत्तर देत नव्हती, नुसती टिकटिक. शेवटी यूएसबीची केबल ओढली. कर्नलला कळलं की आता उत्तर येणार नाही, सीपी बाहेर आला आणि गेला, टर्मिनलवर "किल्ड" एवढंच.

फोटो निम्मे आलेत. २०१५ च्या कोकणातल्या ट्रिपचे सगळे आले, पुढचे राहिले, डिस्क आता एकाला दाखवायला नेणारे.